बिनपंख्याचं कार्ड

बुधवार, २४ ऑगस्ट २००५

दत्तूभाऊंच्या टूलरूमने, म्हणजे साच्यांच्या कारखान्याने, दिवाळीत भेट दिलेली ही डायरी आजपर्यंत कोरीच होती. आज लिहायला घेतली, कारण घरात नवी वस्तू आली आणि आल्या दिवशीच तिने डोकं उठवलं.

वस्तू म्हणजे ग्राफिक्स कार्ड. मी घरी बसून अंबडच्या दत्तूभाऊंसाठी प्लास्टिकच्या बादल्या-डब्यांच्या साच्यांची ड्रॉइंग करते. इतके दिवस सपाट ड्रॉइंगवर भागायचं. आता त्यांच्या गिऱ्हाइकांना अख्खा साचा पडद्यावर सगळ्या बाजूंनी फिरवून बघायचा असतो. माझ्या कॉम्प्युटरवर साचा फिरवायला घेतला की मधल्या वेळात भाजी चिरून व्हायची. म्हणून कॅनडा कॉर्नरच्या मयूरकडून, म्हणजे आमच्या कॉम्प्युटरवाल्याकडून, आज कार्ड बसवून घेतलं. साचा आता भिंगरीसारखा फिरतो. पण कार्डावर बिस्किटाएवढा पंखा आहे आणि तो अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा किंचाळतो. मूळ कॉम्प्युटरचा मोठा पंखा बिचारा हळू फिरतो, त्याचा कधी त्रास नव्हता. हे म्हणजे कानामागून आली आणि तिखट झाली.

हॉल म्हणजे आमच्या सिडकोतल्या घराची एकमेव मोठी खोली. तीत कॉम्प्युटर, टीव्ही आणि आबांचा पलंग. आबा म्हणजे माझे सासरे, कोंडाजी. मखमलाबादला त्यांचा फुलांचा मळा आहे, तो आता धाकटे दीर यादव बघतात. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली. घशातल्या गाठीवर दवाखान्यात किरणांचे शेक घ्यायला आबा मार्चमध्ये इकडे आले ते इथेच आहेत. शेकांनी आवाज पार बसला. बोलतात, पण जरा आवाज असला की कान ओठांना लावावा तेव्हा कुठे ऐकू येतं. लिहिता येत नाही, सही तेवढी येते. डॉक्टरांनी गळ्यावर वारं नको सांगितलंय म्हणून छताचा पंखा बंद असतो. म्हणजे हॉलमध्ये आवाज तेवढा या कार्डाचाच.


सोमवार, २९ ऑगस्ट

आबा दिवसभर ओठ हलवतात. मी स्क्रीनकडे तोंड करून बसलेली, ते माझ्या पाठीकडे बघत पडलेले. देवाचं नाव घेत असावेत. मान वळवून बघितलं की माझ्याकडे आणि मग कॉम्प्युटरकडे बोट दाखवतात. मी "हो आबा, हो" म्हणते आणि कामाला लागते. पंख्याचा त्रास होत असणार त्यांना.

खरं सांगायचं तर त्या आवाजाचा मला एक फायदा आहे. कुणी हाक मारली तरी ऐकू आली नाही असं म्हणता येतं. खोटं बोलावं लागत नाही.

दुपारी बारा ते तीन लोडशेडिंग. तेवढ्या वेळात मी सीडी घेऊन अंबडला जाऊन येते. वीज नसताना घरी बसून तरी काय करणार? संध्याकाळी गोरक्ष घरी असला की टीव्ही सुरू असतो. (नवऱ्याला डायरीतच नावाने लिहिते. तोंडाने "अहो"च.)


शुक्रवार, २ सप्टेंबर

आज आबांना घेऊन दवाखान्यात गेलो. गाठ परत आली आहे. डॉक्टर गोरक्षला म्हणाले की आता स्वरयंत्र काढावं लागेल. काढलं तर माणूस वाचतो, पण बोलणं कायमचं जातं. गळ्याला भोक ठेवतात, श्वास तिथून घ्यायचा. गोरक्षने किती दिवस राहावं लागेल ते विचारलं, कंपनीतल्या रजेचा हिशेब केला, आणि पितृपक्षात नको म्हणाला. मग सहा ऑक्टोबर ठरली. आबा शेजारी स्टुलावर बसले होते. त्यांची फाइल त्यांच्याच मांडीवर होती.

निघताना डॉक्टर म्हणाले, "तोपर्यंत त्यांना बोलून घेऊ दे. घरात जरा शांतता ठेवा."

रिक्षात आबा सारखे काहीतरी सांगत होते आणि हाताने नाही नाही करत होते. गोरक्ष म्हणाला, "जोरात चालवू नको म्हणतायत." रिक्षावाल्याला हळू घ्यायला सांगितलं. आबांनी कपाळाला हात लावला. थकले असतील.

घरी आल्यावर ठरवलं. सहा ऑक्टोबरच्या आत या हॉलमध्ये आबांचा आवाज ऐकू आला पाहिजे. त्यानंतर तो कुणालाच ऐकू येणार नाही. आणि माझं काम बंद ठेवता येणार नाही, कारण दत्तूभाऊंचे दोन साचे दसऱ्याआधी द्यायचे आहेत. म्हणजे कार्डच गप्प करायला हवं.


सोमवार, ५ सप्टेंबर

मयूरच्या दुकानात तासभर. पोरगा हुशार आहे, पण प्रत्येक वाक्याला "टेन्शन नका घेऊ" म्हणतो आणि मग टेन्शनच देतो.

"ताई, पंखा हळू केला तर कार्ड तापणार. तापलं की स्क्रीनवर रंगीत पट्टे येणार, मग मशीन हँग. बिनपंख्याचं छोटं कार्ड आहे माझ्याकडे, एकदम शांत. पण त्याच्यावर तुमचा साचा काय फिरणार नाय. आणि बिनपंख्याचं मोठं पाहिजे तर ते तांब्याच्या नळ्यावालं, मुंबईहून मागवायचं, लॅमिंग्टन रोडवरून. महाग पडेल. टेन्शन नका घेऊ."

"नळ्या कशाला?"

"नळ्या उष्णता ओढतात, वर पत्र्याची पानं असतात, ती हवेत सोडतात. फक्त कॉम्प्युटरच्या डब्यात हवा खेळती पाहिजे."

मग म्हणाला, कॉम्प्युटरच आतल्या खोलीत न्या. आत गोरक्ष रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा झोपतो. आबांना आत हलवावं तर बाथरूम लांब. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असला हा सल्ला.

आधी स्वस्तातलं करून बघायचं ठरलं.


सोमवार, १२ सप्टेंबर

शिलाई मशीनचं तेल पंख्याच्या दांडीला घातलं. दोन दिवस जरा सौम्य झाला. तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा वर गेला, दोन दिवसांची भरपाई केल्यासारखा.

आज ते छोटं बिनपंख्याचं कार्ड आणून बघितलं. शांत आहे की नाही तेही कळलं नाही, कारण समोर मंडळाचा गणपती आहे आणि स्पीकर आमच्या खिडकीकडे तोंड करून. साचा फिरवला. एकशे चाळीस भागांचा साचा होता, तो बैलगाडीच्या वेगाने फिरला आणि मध्येच थांबला. संध्याकाळी कार्ड मयूरला परत.

आबा आज दोनदा उठून माझ्या खुर्चीपाशी आले. खांद्याला हात लावून काहीतरी म्हणाले. आरतीचा आवाज एवढा की मलाच माझं ऐकू येईना. मी "हो हो" म्हटलं. ते उभेच राहिले, मग जाऊन पडले.


मंगळवार, २० सप्टेंबर

मुंबईचं कार्ड मागवलं. गोरक्ष कुरकुरला, "पितृपक्षात नवी वस्तू?" मी म्हटलं, "वस्तू कुठे, दुरुस्ती आहे." पितरांना एवढा फरक कळत असेल.

दवाखान्याची पिशवी मी कालच भरून ठेवली होती. तशी माझी सवय आहे, शेवटच्या दिवसावर काही ठेवत नाही. आज बघते तर आबांनी पिशवी उलगडून सगळे कपडे दोरीवर टाकलेले. त्यांना ओले वाटले असतील. परत घड्या घालून भरली. फाइल सापडेना, ती गादीखाली निघाली. म्हातारपणी असं होतं, कुठे काय ठेवलं ते लक्षात राहत नाही.

सोळा दिवस उरलेत.


शनिवार, २४ सप्टेंबर

हसावं की रडावं कळत नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

सकाळी मयूरने कार्ड बसवून दिलं. तांब्याच्या नळ्या, वर चकचकीत पानं, दागिन्यासारखं दिसतं. लोडशेडिंग संपल्यावर सुरू केलं. काही आवाज नाही. हळू फिरणारा मोठा पंखा आहे, पण तो कान देऊन ऐकावा लागतो. साचा फिरला, अडखळला नाही. मी साचा उघडतानाची फिल्म तयार करायला लावली, म्हणजे तासाभराची निश्चिंती, आणि दूध आणायला गेले.

साडेतीनला पाळी सुटून गोरक्ष घरी आला. आमच्याकडे बंद मशीन उघडं ठेवत नाहीत. टीव्ही, मिक्सर, शिलाई मशीन, सगळ्यांना अंगरखे आहेत. कॉम्प्युटरला सासूबाईंच्या जुन्या दुलईचा आहे, पार जमिनीपर्यंत येणारा. स्क्रीन आपोआप काळा झालेला, आवाज नाही, म्हणजे बंद. नेहमी मला विसराळू म्हणायला त्याला बरं पडतं, तसं म्हणत त्याने दुलई घातली आणि वर पेपर ठेवला.

मी आले तेव्हा डब्याला हात लावला तर इस्त्रीसारखा गरम. स्क्रीनवर रंगीत पट्टे, मग काहीच नाही. कार्ड गेलं.

"अहो, चालू होतं ना!"

"आवाजच नव्हता. मला कसं कळणार?"

"आबा होते ना इथे. ते काही बोलले नाहीत?"

"बोलत होते काहीतरी. हात पण हलवत होते. मी हो हो म्हटलं."

मी आबांकडे बघितलं. ते पलंगावर बसून हसत होते. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. कितीतरी महिन्यांत त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. मला मात्र राग आला. एवढं महाग कार्ड गेलं आणि यांना हसू सुचतंय.


मंगळवार, २७ सप्टेंबर

मयूर म्हणाला, जळलेलं कार्ड कंपनी बदलून देत नाही. पुन्हा मागवायला ना पैसे, ना दिवस. जुनं किंचाळणारं कार्ड परत बसवलं होतं.

काल अंबडला सीडी द्यायला गेले तेव्हा दत्तूभाऊंना सगळी कथा सांगितली. दत्तूभाऊ आधी स्वतः मशीनवर काम करायचे, मग मालक झाले. मालक झाल्यावरही हातांची खाज गेलेली नाही. त्यांनी जुनं कार्ड काढून आणायला सांगितलं होतं, ते आज नेलं, त्यांनी उलटसुलट बघितलं.

"पंखा काढून टाक. खाली चिप हाय, तिच्यावर ॲल्युमिनियमचा ठोकळा बसव. ठोकळ्याला खोल खाचा पाडू. पन्नास मायक्रॉनचं काम करतो आपण, ह्ये काय अवघड हे का?"

"पण बसेल का ते?"

"तू ड्रॉइंग काढायची, मी बनवायचा. बसलं नाय तर चूक तुझी."

आपला हात जगन्नाथ. तिथेच त्यांच्या टेबलावर बसून व्हर्नियरने मापं घेतली आणि अर्ध्या तासात ड्रॉइंग काढलं. बावीस पानं, प्रत्येक दीड मिलिमीटर जाड. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बादल्यांचे आणि डब्यांचे साचे काढतेय. स्वतःच्या घरासाठी काढलेलं हे पहिलंच ड्रॉइंग. चांगलं वाटलं.


बुधवार, २८ सप्टेंबर

ठोकळा बसला. चूक माझी नाही. वजनाने कार्ड वाकत होतं म्हणून खाली दोऱ्याच्या रिकाम्या रिळाचा टेकू दिला. डब्याची एक बाजू उघडीच ठेवली. दुलई यादवभाऊंच्या कुत्रीला पाठवून दिली, ती व्यालीय.

दोन तास साचा फिरवला. पानांवर बोट दोन सेकंद ठेववतं, म्हणजे ठीक. गोरक्ष घरी आला, पलंगाजवळ उभा राहून म्हणाला, "चालू आहे का?" हेच प्रशस्तिपत्रक.


गुरुवार, २९ सप्टेंबर

सकाळी साडेनऊ. गोरक्ष कामावर. मी स्क्रीनवर साच्याच्या खालच्या प्लेटला भोकं देत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "जोसना."

मी दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. परत ऐकू आलं. आबा होते. फुंकर मारल्यासारखा आवाज, पण शब्द स्पष्ट.

"आली का हाक?"

"आली आबा."

"किती दिस मारतोय."

"पंखा होता ना."

"पंखा व्हता. आन तू हो हो म्हनायची."

मी खुर्ची वळवली. काय म्हणत होतात, विचारलं.

"मला नाय करायचं आपरेशन."

मी म्हटलं, "आबा, नाही केलं तर डॉक्टर म्हणाले..."

"म्हाईत हाय. मी तिथंच बसलो व्हतो." थोडा वेळ श्वास घेतला. मग त्यांनी लहानूबद्दल सांगितलं. गणेशवाडीच्या फुलबाजारात पंचवीस वर्षं आबांच्या शेजारी बसायचा. त्याचं हेच ऑपरेशन झालं. सहा वर्षं जगला. "पोरांनी मळा इकला, त्याच्याच समोर बसून. त्यो टाळ्या वाजवायचा, खाट ठोकायचा. पोरं म्हनायची, हो बाबा, हो. बाजारात आला तरी लोक माझ्याकडं बघून इचारायचे, लहानू बरा हाय का? त्यो शेजारीच बसलेला."

"आम्ही तसं नाही करणार आबा. विचारू ना तुम्हाला. खुणेने सांगा, काहीही करून..."

"आत्ता बोलता येतंय तर कोन इचारतंय?"

मला लाज वाटली, ते सरळ लिहून ठेवते. रिक्षा, पिशवी, गादीखालची फाइल, सगळं एकेक करून डोळ्यांपुढे आलं. कार्ड गप्प करायला महिना घालवला, आणि समोरचा माणूस नको म्हणतोय हे बघायला डोळे पुरेसे होते.

बारा वाजता वीज गेली. आज अंबडला गेले नाही.


शुक्रवार, ३० सप्टेंबर

गोरक्षला अजून सांगितलेलं नाही.

काल रात्रीपासून एकच विचार. मी तोंड उघडलं नाही तर सहा तारखेला ऑपरेशन होईल, आबा वाचतील, आणि त्यांना काय हवं होतं हे माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. तेही सांगू शकणार नाहीत. वाचलेला माणूस घरात असेल आणि मला कुणी बोल लावणार नाही. उलट, सांगितलं आणि ऑपरेशन राहून आबा गेले, तर जन्मभर दोषी मीच. गोरक्षचे वडील आहेत, माझे नाहीत, असंही एकदा मनात येऊन गेलं.

आबा दिवसभर बोलत होते. गुलाबाच्या छाटणीचं, सासूबाईंनी पहिल्यांदा बाजारात भांडण केलं त्याचं, यादवभाऊ औषध जास्त मारतात त्याचं. मी काम करत ऐकत होते. ऑपरेशनचं नाव त्यांनी काढलं नाही. त्यांचं सांगून झालंय, आता पाळी माझी, असं त्यांना वाटत असणार.


रविवार, २ ऑक्टोबर

जेवण झाल्यावर सांगितलं. गोरक्ष भडकला. "तूच त्यांच्या डोक्यात भरवलं असशील. दिवसभर दोघंच असता." मग म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाचं ऐकून त्यांना मरू द्यायचं का?" मी म्हटलं, "ऐकून काय करायचं ते नंतर ठरवा. आधी ऐका तरी."

त्याने टीव्ही बंद केला. माझा कॉम्प्युटर चालू होता, पण त्याचं कुणाला काही नव्हतं. पलंगाच्या कडेला बसला. बराच वेळ पायाच्या नखांकडे बघत होता. दोघं बापलेक एकमेकांशी मळ्याबद्दल आणि पाण्याच्या पाळीबद्दल बोलतात, दुसरं काही बोलताना मी पंधरा वर्षांत ऐकलं नाही.

शेवटी म्हणाला, "आबा, तुम्हाला काय वाटतं? करायचं का?"

आबा उशीला टेकून नीट बसले. मला वाटलं आता नको म्हणतील. ते म्हणाले, "इचार करून सांगतो."

"सहा तारीख आहे, आबा. चार दिवस राहिले."

"मंग?"

गोरक्षला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. तो उठून गॅलरीत गेला. आबांनी डोळे मिटले. झोप लागल्यावर त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता.


सोमवार, ३ ऑक्टोबर

दवाखान्यात फोन केला. म्हटलं, सहा तारखेचं ऑपरेशन तूर्त थांबवा.

"का, मॅडम?"

"पेशंट विचार करतायत."

"कोण?"

"पेशंट."

तिकडच्या मुलीने परत नाव विचारून घेतलं. मग "होल्ड करा" म्हणून डॉक्टरांना दिलं. डॉक्टर रागावले नाहीत. दहा-बारा दिवस चालतील, महिना चालणार नाही, म्हणाले.


बुधवार, १२ ऑक्टोबर. दसरा

आज आबांना मळ्यात घेऊन गेलो होतो. झेंडूच्या राशी सकाळीच बाजाराला गेल्या होत्या, राहिलेल्या फुलांच्या माळा करायला सगळं घर बसलेलं. काल खंडेनवमीला मी कॉम्प्युटरलाही हळदकुंकू वाहिलं, ठोकळ्याला आणि रिळालासुद्धा. दत्तूभाऊंचे दोन्ही साचे गेले.

आबा बांधावर खुर्ची टाकून बसले. यादवभाऊंना जवळ बोलावून तासभर काहीतरी सांगत होते. यादवभाऊ खाली उकिडवे बसून, कान पुढे करून ऐकत होते. "हो" एकदाही म्हणाले नाहीत. कळलं नाही की "काय?" विचारायचे. मी त्यांना तसं आधी बजावलं होतं.

येताना आबांनी रिक्षा मध्येच थांबवायला सांगितली. रिक्षावाल्याने इंजिन बंद केल्यावर म्हणाले, "करू."

गोरक्ष म्हणाला, "आबा, आमच्यासाठी म्हणून नका करू."

"तुज्यासाठी कशाला? माज्या जिवासाठी. पन डॉक्टरनं मला सांगायचं, तुला नाय. सही मी करनार. आन घरी आल्यावर दिसातून एकदा तरी मला इचारायचं. भाजी कोनती करू, येवढं इचारलं तरी चालंल."

गोरक्षने मान हलवली. मग घाईने तोंडाने म्हणाला, "विचारू."

आबा "करू" मनापासून म्हणाले, की आम्हाला अवघड जाऊ नये म्हणून, ते मला कळलेलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.


सोमवार, १७ ऑक्टोबर

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितेय. आबांना आत घेतलंय.

गेले पाच दिवस आबा सकाळी चहा झाला की बोलायला बसायचे ते वीज जाईपर्यंत, आणि वीज गेली तरी. मी साचा फिरवत ऐकायचे. काही गोष्टी दोनदा सांगितल्या, मी दोनदा ऐकल्या. एक दिवस गोरक्षने रजा टाकली आणि माझ्या खुर्चीत बसला. मी स्वयंपाकघरात होते. दोघांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, विचारलंही नाही.

सकाळी डॉक्टरांनी आबांना सगळं समजावलं, काय काढणार, भोक कुठे, नंतर काय खाता येईल. आबांनी दोन प्रश्न विचारले. डॉक्टरांना दोन्ही वेळा वाकावं लागलं. नर्सने सवयीने कागद गोरक्षपुढे केला, त्याने तो आबांकडे दिला. आबांनी सही केली. "कोंडाजी" लिहायला त्यांना दोन मिनिटं लागली. नर्स उभी राहिली.

स्ट्रेचर दारापाशी आलं तेव्हा यादवभाऊ, गोरक्ष आणि मी, तिघंही होतो. वॉर्डबॉय थांबला. गोरक्ष वाकून म्हणाला, "आबा, काही सांगायचं राहिलंय का?"

आबांनी तिघांकडे आळीपाळीने बघितलं. घाई केली नाही.

"नाय," म्हणाले. "झालं बोलून."

तिघांनाही ऐकू आलं.